सुस्थितीतले विमान डोंगरावर का आदळते?

प्रश्न कोल्हापुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. त्याचे आजोळ जुन्नरकडचे असून, १९६२ साली तिकडच्या डोंगरावर पडलेल्या इटालियन विमानाविषयी तो लहानपणापासून ऐकत आला आहे. त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. इंजिने चालू, विमान सुस्थितीत आणि वैमानिक अनुभवी असताना विमान डोंगरावर आदळतेच कसे? अशा अपघाताला ‘वैमानिकाची चूक’ म्हणणे कितपत बरोबर आहे? आणि पावसाळ्यात जोतिबाचा डोंगर ढगात बुडालेला असताना कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरणाऱ्या विमानाला तसाच धोका असतो का? मी एकतीस वर्षे हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून काम केले, त्यातली बरीच वर्षे डोंगराळ भागातल्या विमानतळांवर काढली, आणि निवृत्तीनंतर आता कोल्हापुरात राहतो. ज्या कामात आयुष्य गेले त्याच कामाविषयीचा हा प्रश्न असल्याने सविस्तर लिहितो आहे.

या प्रकारच्या अपघाताला आमच्या व्यवसायात ‘कंट्रोल्ड फ्लाइट इन्टू टेरेन’ किंवा थोडक्यात ‘सीफिट’ म्हणतात. विमान पूर्णपणे वैमानिकाच्या ताब्यात असते, त्यात काहीही बिघडलेले नसते, आणि तरीही ते जमिनीवर, पाण्यावर किंवा डोंगरावर जाऊन आदळते. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत, पुष्कळदा तोपर्यंतही, आत कोणालाच त्याची कल्पना नसते. लोकांना वाटते की धुक्यात डोंगर दिसला नाही म्हणून विमान आदळले. पण ढगात वैमानिकाला डोंगर दिसणारच नसतो, आणि तो वेळेवर दिसेल या भरवशावर कोणी उडतही नाही. ढगात उडणारा वैमानिक दोन गोष्टींच्या आधारावर असतो: आपण नकाशावर नेमके कुठे आहोत याची त्याला असलेली खात्री, आणि त्या ठिकाणासाठी आखून दिलेली सुरक्षित उंची. यातली पहिली गोष्ट चुकू शकते हे विमानशास्त्राने फार पूर्वीच मान्य केले आहे. दुसरी गोष्ट त्यासाठीच आहे.

जुन्नरच्या अपघातावरून हे सर्वांत स्पष्ट कळते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ७ जुलै १९६२ ची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईला येत होते. मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नरजवळच्या ज्या टेकडीची नोंद अहवालात ‘दवंड्याची’ अशी आहे तिच्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण ३६०० फुटांवर ते आदळले आणि आतले सर्व ९४ जण गेले.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ८४ किलोमीटर म्हणजे सुमारे ४५ सागरी मैल. जेट विमान सर्वसाधारणपणे तीन अंशांच्या उताराने खाली येते, म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट. या हिशेबाने मुंबईपासून ४५ मैलांवर विमान तेरा ते चौदा हजार फुटांवर असायला हवे होते. ३६०० फूट ही उंची धावपट्टीपासून बारा मैलांवर शोभणारी आहे. थोडक्यात, आपण मुंबईच्या अगदी जवळ, सपाट कोकणपट्टीवर आहोत, असे समजून तो वैमानिक उतरत होता, आणि त्याच्याखाली मात्र सह्याद्री होता. अहवालानेही हेच कारण दिले: दिशादर्शनातील चुकीमुळे विमान प्रत्यक्षापेक्षा जवळ आले आहे असा समज झाला आणि रात्री, ढगाळ हवेत, धावपट्टीकडे सरळ उतरण्यासाठी उंची वेळेआधी सोडली गेली. त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी नोंदवल्या गेल्या. आपले ठिकाण तपासण्यासाठी उपलब्ध असलेली साधने वापरली गेली नाहीत, ठरलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान नेले गेले, आणि वैमानिक या मार्गावरच्या भूभागाशी परिचित नव्हता.

या सगळ्यांत मला विचाराल तर जीव घेणारी गोष्ट एकच आहे, आणि ती दिशादर्शनातली चूक नव्हे. ठिकाणाचा अंदाज चुकूनही ते विमान किमान सुरक्षित उंचीवर राहिले असते, तर प्रवाशांना फार तर दहा मिनिटे उशीर झाला असता.

ही किमान सुरक्षित उंची म्हणजे काय, ते आपल्याच परिसरावरून सांगतो. विमानतळाच्या दिशादर्शक केंद्राभोवती २५ सागरी मैलांचे, म्हणजे साधारण ४६ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढतात, गरजेप्रमाणे त्याचे भाग पाडतात, आणि प्रत्येक भागात जी सर्वांत उंच जागा असेल तिच्यावर किमान १००० फूट मोकळे सोडतात. डोंगराळ मुलखात ही मोकळीक वाढवतात. उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे. जोतिबाचा डोंगर ३१०० फुटांच्या आसपास, म्हणजे धावपट्टीहून सुमारे ११०० फूट उंच, आणि तो या वर्तुळात बसतो. नुसत्या जोतिबाचा विचार केला तरी त्या बाजूला ४१०० फुटांखाली यायचे नाही, असे उत्तर येते. (प्रत्यक्ष आकडा अधिकृत तक्त्यावर छापलेला असतो आणि तो त्या भागातल्या सर्वांत उंच जागेवरून ठरतो, हा हिशेब केवळ समजण्यासाठी.) यातली महत्त्वाची बाब अशी की ही उंची पाळणाऱ्या वैमानिकाला आपण जोतिबाच्या अलीकडे आहोत की पलीकडे हे ठाऊक असण्याची गरजच नाही. त्या भागात तो कुठेही असला तरी सुरक्षित आहे. ठिकाण दोन वेगवेगळ्या साधनांनी पक्के झाल्यावर आणि उतरण्याच्या ठरलेल्या मार्गावर आल्यावरच ही उंची सोडायची, तीही पायरीपायरीने, आणि प्रत्येक पायरीचे धावपट्टीपासूनचे अंतर तपासत.

पण उंची तरी खरी आहे कशावरून? विमानातला अल्टिमीटर उंची थेट मोजत नाही, तो हवेचा दाब मोजतो आणि दाबावरून उंची दाखवतो. त्याच्या तबकडीवर एक लहान खिडकी असते, तिच्यात दाबाचा आकडा असतो आणि खाली एक गोल खुंटी असते. त्या त्या विमानतळावरचा समुद्रसपाटीवर आणलेला दाब, ज्याला आम्ही क्यूएनएच म्हणतो, नियंत्रकाने सांगायचा आणि वैमानिकाने खुंटी फिरवून तो खिडकीत आणायचा. खुंटी फिरते तसे काटेही फिरतात. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट. खऱ्या दाबापेक्षा मोठा आकडा लावला गेला, तर यंत्र जास्त उंची दाखवते आणि विमान प्रत्यक्षात तेवढे खाली असते.

नोकरीतला एक प्रसंग इथे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण चूक माझी होती. घाटमाथ्याजवळच्या एका विमानतळावर मी टॉवरमध्ये ड्यूटीवर होतो. श्रावणातली संध्याकाळ, ढग खाली आलेले, काचेवर पाणी, आणि त्याच वेळी फोन वाजत होता. येणाऱ्या एका विमानाला मी क्यूएनएच दिला: वन झीरो झीरो वन. वैमानिकाने तो परत उच्चारला: वन झीरो वन झीरो. मी समोरच्या कागदी पट्टीवर १००१ लिहिले होते, माझ्या कानाला १००१ च ऐकू आले, आणि मी ‘रीडबॅक करेक्ट’, म्हणजे परत उच्चारलेला आकडा बरोबर आहे, असे म्हणून मोकळा झालो. शेजारी हवामानाची नोंद करणारा तरुण सहकारी बसला होता. त्याने काही न बोलता पेन्सिलीचे टोक माझ्या पट्टीवरच्या त्या आकड्यावर दोनदा टेकवले आणि माझ्याकडे पाहिले. मी लगेच माइकचे बटण दाबून आकडा एकेक अंक सुटा करून पुन्हा सांगितला आणि पुन्हा वदवून घेतला. नऊ हेक्टोपास्कलचा फरक होता, म्हणजे सुमारे २५० फूट. वैमानिकाने खुंटी फिरवली तेव्हा त्याच्यासमोरचा काटा तेवढा खाली आला असणार. त्या दिवशी राखीव उंची पुरेशी होती आणि कदाचित काहीच झाले नसते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पुढची सगळी वर्षे रीडबॅक ऐकताना मी पट्टीवरून नजर काढून घेत असे. डोळ्यांसमोर आकडा लिहिलेला असला की कान तोच ऐकतो.

ऐकणे आणि समजणे यांतले हे अंतर किती महाग पडू शकते, याचे आपल्या देशाने भोगलेले उदाहरण म्हणजे २४ जानेवारी १९६६ चा आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावरचा अपघात. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ नावाचे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरूतमार्गे जिनिव्हाला उतरून पुढे लंडनला जाणार होते. ११७ जण त्यात होते, आणि त्यांत डॉ. होमी भाभा होते. याच पर्वतावर ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ विमान आदळून ४८ जण गेले होते. १९६६ च्या अपघाताभोवती घातपाताच्या कथा आजही सांगितल्या जातात, आणि भाभांसारखा माणूस गमावल्याचे दुःख मोठे असल्याने त्या टिकूनही राहतात. फ्रेंच तपासाचा निष्कर्ष मात्र वेगळा आहे, आणि एक नियंत्रक म्हणून तो मला अधिक अस्वस्थ करतो.

बैरूत सोडतानाच विमानातल्या दोन व्हीओआर ग्राहकयंत्रांपैकी, म्हणजे जमिनीवरच्या दिशादर्शक केंद्राचे रेडिओ संकेत पकडणाऱ्या यंत्रांपैकी, एक बंद होते, आणि वैमानिकाला ते माहीत होते. दोन साधनांनी ठिकाण ताडून पाहण्याची सोय इथेच गेली. जिनिव्हाजवळ येताना विमान १९,००० फुटांच्या पातळीवर होते. माँ ब्लाँचे शिखर सुमारे १५,७८० फूट, म्हणजे ही पातळी पुरेशी वर होती. वैमानिकाने ढगांच्या वर १००० फूट राहून खाली येण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. त्याने आपल्या अंदाजाने ठिकाण सांगितले, ते चुकीचे होते, आणि रडारवरच्या नियंत्रकाला ते चुकीचे आहे हे कळले. त्याने दुरुस्ती केली, पण ती अशा शब्दांत की ‘माँ ब्लाँपर्यंत तुम्हाला पाच मैल आहेत’. वैमानिकाने उत्तर दिले, ‘रॉजर’. नियंत्रकाला वाटले, याला समजले की पर्वत अजून पुढे आहे. वैमानिक मात्र पर्वत मागे पडला अशाच समजुतीत राहिला आणि उतरत गेला. अहवालाने नेमक्या शब्दयोजनेचा अभाव हे कारण म्हणून नोंदवले आहे.

हे वाक्य मी प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांना फळ्यावर लिहून देत असे आणि विचारत असे की यात काय नाही. त्यात खोटे काहीच नाही. पण ‘तुमचे ठिकाण चुकले आहे’ हे त्यात नाही, आणि ‘पर्वत ओलांडेपर्यंत खाली येऊ नका’ हेही नाही. ‘रॉजर’ या शब्दाचा अर्थ फक्त ‘तुमचे बोलणे माझ्यापर्यंत पोहोचले’ एवढाच आहे. त्यातून समोरच्याला काय समजले हे कधीच कळत नाही. म्हणूनच उंची, दाब आणि परवानग्या यांना नुसते ‘रॉजर’ चालत नाही, आकडा परत उच्चारावाच लागतो. अमेरिकेत १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ७२७ विमान वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियातल्या माउंट वेदर या डोंगरावर आदळून ९२ जण गेले, तिथेही मूळ असेच होते. उतरण्याच्या मार्गाची परवानगी मिळाली म्हणजे आता खाली यायला हरकत नाही, असा अर्थ वैमानिकांनी घेतला. उंची राखण्याची जबाबदारी अजून वैमानिकाचीच आहे, असे नियंत्रक धरून चालला होता.

संगणक आल्यावर हे थांबले का, असे कोणी विचारेल. चुकीचे स्वरूप बदलले. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सचे ७५७ डोंगरावर गेले. ऐनवेळी दुसऱ्या दिशेने सरळ उतरण्याची संधी मिळाली, घाई झाली, आणि संगणकात ‘आर’ हे एकच अक्षर भरून पहिला पर्याय स्वीकारला गेला. वैमानिकांना जवळचे रोझो केंद्र अपेक्षित होते, यंत्राने दूर बोगोटाजवळचे रोमिओ केंद्र घेतले आणि विमान निमूटपणे डावीकडे डोंगरांत वळले. १५९ जण गेले, चार वाचले. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ २० जानेवारी १९९२ रोजी ए-३२० विमान आदळून ८७ जण गेले, तिथे तपासाने सर्वांत संभाव्य मानलेले कारण म्हणजे ३.३ अंशांचा उतार निवडायचा असताना दर मिनिटाला ३३०० फूट हा वेग निवडला गेला; दोन्हीसाठी खुंटी तीच होती आणि पडद्यावर दोन्हीकडे ‘३३’ दिसत होते.

या अपघातांवर जो खरा उतारा निघाला तो डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्यामुळे. त्याच्या गटाने बनवलेली भूसमीपता इशारा यंत्रणा, म्हणजे जीपीडब्ल्यूएस, विमानाच्या पोटाखालची जमीन रेडिओ लहरींनी मोजते आणि ती झपाट्याने वर येऊ लागली की ओरडते. माउंट वेदरच्या अपघातानंतर अमेरिकेने ती मोठ्या विमानांना सक्तीची केली. तिची उणीव एवढीच की ती खाली पाहते, पुढे पाहत नाही. समोर उभा कडा असेल तर इशारा फार उशिरा येतो. कालीला तो आदळण्याच्या अवघे बारा-तेरा सेकंद आधी आला आणि हवेतला वेग कमी करणारे पंखांवरचे स्पीडब्रेक उघडेच राहिल्याने विमान पुरेसे चढू शकले नाही. १९९० च्या दशकात बेटमनने या यंत्रणेत जगभरच्या भूभागाचा नकाशा भरला आणि तो विमानाच्या ठिकाणाशी जोडला. तेव्हापासून यंत्र पुढचा डोंगर मिनिटभर आधी सांगू लागले. विमान प्रवास सुरक्षित करणाऱ्या माणसांत या अभियंत्याचे नाव मी सर्वांत वर ठेवतो, आणि आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते क्वचितच माहीत असते याचे मला वाईट वाटते.

एवढे होऊनही २८ जुलै २०१० रोजी इस्लामाबादजवळ मारगल्ला टेकड्यांवर एअरब्लूचे ए-३२१ आदळले आणि १५२ जण गेले. पावसाळी ढग होते. धावपट्टीला वळसा घालून उतरताना विमान त्यासाठी सुरक्षित ठरवलेल्या क्षेत्राबाहेर गेले होते, आणि डोंगराचा इशारा देणारे यंत्र मिनिटभराहून जास्त काळ ओरडत होते. सहवैमानिकाने वळायला आणि वर घ्यायला सांगितले, पण विमान स्वतःच्या हाती घेतले नाही. कॅप्टनने उड्डाणाच्या सुरुवातीलाच त्याला ज्या कठोरपणे वागवले होते, त्याची तपासात नोंद आहे. दुसऱ्याचे बोलणे ऐकून घेण्याची सवय नसलेल्या कॉकपिटमध्ये यंत्राचेही कोणी ऐकत नाही. माझ्या त्या तरुण सहकाऱ्याला मी आधी कधी दरडावून गप्प केले असते, तर त्या संध्याकाळी त्याने पेन्सिल टेकवली नसती.

यात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आले आहे. ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द अहवालात खोटे नसतात, पण तिथेच थांबले तर पुढचा अपघात टळत नाही. जुन्नरला वैमानिकाची चूक होती असे म्हणून गप्प बसता येते, किंवा या मार्गावर नवख्या असलेल्या वैमानिकाला सह्याद्रीची उंची कोणी आणि कशी समजावून द्यायची होती, हे विचारता येते. माँ ब्लाँला शब्द बदलावे लागले, स्ट्रासबुर्गनंतर पडद्यावर पूर्ण चार अंकी आकडा दाखवावा लागला. दोष एका माणसावर टाकून फाइल बंद केली असती, तर यातले काहीही झाले नसते.

राहिला कोल्हापूरचा प्रश्न. आषाढ-श्रावणात जोतिबा आणि पन्हाळा दिवसच्या दिवस दिसत नाहीत, हे खरे आहे. पण आज येणाऱ्या प्रवासी विमानात उपग्रहावरून ठिकाण कळते, भूभागाचा नकाशा असलेली इशारा यंत्रणा असते, आणि उतरण्याच्या मार्गावर एक शेवटची उंची ठरलेली असते. तिथवर येऊन धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर खाली जायचे नाही, सरळ वर निघायचे. धोका शिल्लक राहतो तो या उंचीच्या खाली ‘थोडेसे अजून बघू’ म्हणणाऱ्या मोहात. म्हणून विमान कोल्हापूरवर येऊन न उतरता परत गेले की टर्मिनलमध्ये जी चिडचिड होते, ती मला समजत असली तरी पटत नाही. लग्नाला निघालेल्या, दवाखान्यात पोहोचायच्या माणसांचे रागाचे फोन मी टॉवरमध्ये वर्षानुवर्षे घेतले आहेत, आणि कॅप्टनने परत जाण्याचा निर्णय लवकर घ्यावा अशीच माझी प्रत्येक वेळी इच्छा असे.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मी उजळाईवाडीच्या रस्त्यावर उभा होतो. विमान दिसत नव्हते. ढगातून त्याचा आवाज जवळ येत गेला, एका जागी आल्यासारखा वाटला, आणि मग इंजिने एकदम पूर्ण ताकदीने घुमली आणि आवाज वर आणि दूर निघून गेला. शेजारी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने घाबरून विचारले, ‘काका, काय झालं?’ मी त्याला सांगितले की काही झाले नाही, धावपट्टी दिसली नाही म्हणून तो वर गेला. आता कॅप्टन इंधन किती आहे ते पाहील आणि पुन्हा एकदा येऊन बघायचे की बेळगावला जायचे ते ठरवील.